कागद का फुगतो, फोटो का काळवंडतो? चित्र काढणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न

चित्र काढताना अडणारे आणि चित्र काढून झाल्यावर अडणारे, असे दोन्ही प्रकारचे प्रश्न या वेळच्या पत्रांत आहेत. बहुतेक पत्रलेखक अठरा वर्षांखालचे असल्यामुळे नावं छापलेली नाहीत. इयत्ता आणि गाव तेवढं दिलं आहे. लांबलेली पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी वॉटरकलरमध्ये निसर्गचित्रं काढते. उन्हाळ्यात बरी येतात, पण पाऊस लागला की कागद पापडासारखा फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि आकाशात मधेच कातरलेल्या कडांचे डाग पडतात. सर म्हणतात, पाणी कमी घे. कमी घेतलं की पट्टे दिसतात. काय करू?
(इयत्ता ९वी, चिपळूण)

उत्तर : पाणी कमी करू नकोस, कागद बदल. शाळेच्या ड्रॉइंग बुकातला कागद साधारण १२० ते १५० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम) असतो. तो पेन्सिल आणि खडूसाठी ठीक, पण वॉशचं, म्हणजे भरपूर पाणी घालून दिलेल्या पातळ रंगाच्या थराचं, पाणी त्याला झेपत नाही. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. मधला भाग ओला आणि कडा कोरड्या राहिल्या की फुगलेल्या भागाला पसरायला जागा उरत नाही, म्हणून तो वर उठतो.

३०० जीएसएमचा, थोडा खरबरीत कोल्ड प्रेस कागद घे. पॅड घेण्यापेक्षा सुटा फुल इम्पीरियल म्हणजे २२ × ३० इंचांचा एकच कागद घेऊन घरी पाडलेला स्वस्त पडतो. त्याचे ११ × १५ इंचांचे चार किंवा ७.५ × ११ इंचांचे आठ तुकडे होतात. घडी घालून ती नखाने दाबायची, उलटी घालून पुन्हा दाबायची आणि पट्टी धरून फाडायचं.

एवढं करूनही कोकणातल्या आषाढात ३०० जीएसएमसुद्धा थोडा वळतोच. तेव्हा कागद ताणून घे. लागणारं सामान म्हणजे किमान १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा आणि गमटेप. गमटेप म्हणजे पाणी लावल्यावर चिकटणारी तपकिरी कागदी पट्टी. खोकी बंद करायची चकचकीत प्लॅस्टिकची टेप इथे चालत नाही. आधी टेपच्या चार पट्ट्या कापून कोरड्या जागी ठेव, कारण ओल्या हाताने कापायला गेलीस की अख्खं बंडल चिकटून बसतं. मग कागद स्वच्छ पाण्यात आठ-दहा मिनिटं बुडव, कोपरा धरून निथळ, बोर्डावर मधून कडेकडे असा पसर आणि फक्त कडा फडक्याने टिपून घे. टेप स्पंजने ओलसर करून निम्मी कागदावर, निम्मी बोर्डावर बसव. बोर्ड आडवाच वाळू दे. उभा केलास तर पाणी खाली उतरून खालची टेप सुटते. पंख्याचा झोत एका बाजूने लागला की ती बाजू आधी आक्रसते आणि समोरची टेप उखडते. पावसाळ्यात पूर्ण वाळायला रात्र जाते, कधी दुसरी दुपारही. चित्र पूर्ण वाळल्यावरच कटरने सोडवायचं. पातळ प्लाय वापरलास तर कागद आक्रसताना बोर्डच वाकतो, तेवढं सांभाळ.

आता आकाशातले डाग. अर्धवट वाळलेल्या वॉशला जास्त ओला ब्रश लागला की पाणी ओल्याकडून कोरड्याकडे धावतं आणि रंग पुढे ढकलत नेऊन कडेला सोडतं. त्यासाठी कागद तिरका धरून चमक बघ. चमक आहे तोवर रंग घालता येतो. चमक गेली, पण हाताची पाठ लावल्यावर कागद गार लागतो, तेव्हा ब्रश खाली ठेवायचा. गारवा गेला की पुन्हा मोकळीक. हा मधला गार टप्पा उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांत सरतो, पावसात अर्धा-पाऊण तास रेंगाळतो. तुझं उन्हाळ्यातलं चित्र बरं येतं ते यामुळेच. हेअर ड्रायर वापरायचा तर चमक गेल्यावर आणि फूटभर लांबून. आधी वापरलास तर वारा रंगाचे ओघळ करतो.

पट्टे मात्र पाण्याच्या कमतरतेनेच येतात. पूर्ण आकाशाला पुरेल त्याच्या दीडपट रंग आधीच वाटीत कालवून ठेव. मधेच संपला आणि पुन्हा कालवत बसलीस की तिथे कड वाळते. बोर्डाखाली दोन इंच जाडीचं पुस्तक ठेवून उतार दे, १० किंवा १२ नंबरचा गोल ब्रश भरून घे आणि प्रत्येक ओळीच्या खालच्या कडेला साचलेला रंगाचा थेंब पुढच्या ओळीत ओढत खाली ये. शेवटी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशने उचल.

एक जाता जाता. मागच्या वर्षीचा कागद काढलास आणि रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत शोषला जाऊ लागला, तर त्यावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच आत शिरू न देणारा लेप, दमटपणाने गेलं आहे. तो कागद कोळशाच्या कामाला ठेव. नवा कागद बूट-चपलांच्या खोक्यांत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. रंगांचं पॅलेटही वाळवूनच बंद कर, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते.

प्रश्न : माझे रंग मळकट होतात. ताजे का दिसत नाहीत?
(इयत्ता ८वी, नाशिक)

उत्तर : एका मिश्रणात दोनच रंग, फार तर तीन. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. वॉटरकलरमध्ये पांढरा पोस्टर कलर घालून रंग फिका करणं बंद कर. फिका करायला पाणी आहे. काळी ट्यूब महिनाभर डब्यात ठेव. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद करडा होतो तो सावल्यांना जास्त शोभतो. एकाच जागी ब्रश तीन वेळांहून जास्त फिरवलास तर खालचा थर उठून वरच्यात मिसळणारच.

प्रश्न : प्रत्यक्षात चित्र छान दिसतं, पण मोबाइलने फोटो काढला की कागद करडा आणि रंग मेलेले. पेन्सिलचं चित्र तर चकाकतं. एका ऑनलाइन स्पर्धेत माझं चित्र यामुळेच मागे पडलं असं वाटतं.
(इयत्ता १०वी, सांगली)

उत्तर : स्पर्धेचं सांगता येणार नाही, पण फोटोचं कारण उघड आहे. समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असणार, असं कॅमेरा धरून चालतो. चौकट पांढऱ्या कागदाने भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. कागदावर बोट दाबून धर म्हणजे फोकस आणि उजेड पक्का होतो, मग शेजारी येणारी सूर्याची खूण थोडी वर सरकव. कागद पांढरा दिसेल, पण फिकट वॉश अजून दिसत असेल, तिथे थांब.

उजेडासाठी उन्हाची तिरीप न येणारी खिडकी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला सर्वांत बरी. खोलीतली ट्यूब आणि दिवे बंद कर. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळसर असतो, दोन्ही पडले की चित्राची एक बाजू निळी, दुसरी पिवळी येते आणि ते नंतर कुठल्याच अ‍ॅपमध्ये नीट होत नाही. चित्र खिडकीजवळच्या भिंतीवर मास्किंग टेपने लाव, म्हणजे उजेड बाजूने पडेल. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढऱ्या थर्माकोलची शीट उभी केली की अंधारी कड उजळते. फ्लॅश कधीच नको.

फोन कागदाला समांतर हवा. कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू कर आणि कागदाच्या चारही कडा त्यांच्याशी जुळव. फार जवळ जाऊन काढलेल्या फोटोत कडा फुगतात, चेहऱ्याच्या चित्रात तर गालच बदलतात. चार-पाच फूट मागे जा आणि फोनला दुसरी, लांबचं टिपणारी लेन्स असेल तर २× वर काढ. नसेल तर मागून साधाच काढून नंतर कड काप.

पेन्सिलची चकाकी म्हणजे ग्राफाइटवरून सरळ परतणारा उजेड. कागद जागेवरच थोडा थोडा फिरव. ज्या कोनात काळा भाग काळा दिसेल तिथे थांब. चकाकी फारच सतावत असेल तर सर्वांत गडद जागी ८बी ऐवजी कोळशाची पेन्सिल वापर, ती चमकत नाही.

डॉक्युमेंट स्कॅन करणारी अ‍ॅप्स चित्राला वापरू नकोस. ती अक्षरं ठळक करण्यासाठी बनवलेली असतात, हलका पिवळा आणि फिका आकाशी रंग ती कागद समजून पुसून टाकतात. खरा फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर ए४ चित्र ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) कर, २४८० × ३५०८ पिक्सेलची फाइल येते. मोठं चित्र दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडता येतं, फक्त दोन्ही तुकड्यांत दोन-तीन इंचांचा भाग सारखा येऊ दे.

स्पर्धेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलास तर तो दाबून लहान केला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. मात्र त्या वाटेने जाणाऱ्या मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला ती जागाही नोंदलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून मगच फोटो काढ.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिला स्वतःची चित्रं इन्स्टाग्रामवर टाकायची आहेत. नाही म्हटलं तर रुसते, हो म्हणायला भीती वाटते.
(एक आई, फोंडा)

उत्तर : इन्स्टाग्रामची वयाची अट १३ वर्षं पूर्ण ही आहे, त्यामुळे तिने खरं वय लिहून खातं उघडावं. अठरा वर्षांखालच्यांचं खातं तिथे मुळातच खासगी असतं, अनोळखी माणसाला तिला थेट मेसेज करता येत नाही, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. वय वाढवून लिहिलं की ही सगळी कुंपणं जातात. म्हणून वयाबाबत हट्ट धरा, बाकीचं सोपं आहे.

खात्याच्या नावात खरं आडनाव, जन्मसाल, शाळा नको. चित्राच्या फोटोत मागे काय येतंय ते एकदा मोठं करून बघा. गणवेशावरचा बिल्ला, वहीचं लेबल, खिडकीतून दिसणारी बिल्डिंगची पाटी, घरपोच आलेल्या पार्सलवरचा पत्ता, या गोष्टी चित्राकडे बघण्याच्या नादात सुटतात. चित्र कापून फक्त चित्रच टाकलं तर हा प्रश्नच मिटतो.

चित्रं टाकणाऱ्या मुलांना येणारे मेसेज ठरावीक साच्याचे असतात. “तुझं चित्र विकत घेतो, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन कर.” यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही की कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. दुसरा साचा असा : “तुझा फोटो बघून मला भिंतीवर मोठं चित्र काढायचं आहे, त्याचे हजारो रुपये देईन.” मग जास्त रकमेचा चेक पाठवल्याचं दाखवून वरचे पैसे परत मागतात. तिसरा आपल्याकडे फार बोकाळलेला आहे : चारशे-पाचशे रुपये फी, राष्ट्रीय पातळीची ऑनलाइन स्पर्धा, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सुवर्णपदक. परीक्षक कोण आणि मागच्या वर्षीची बक्षीसपात्र चित्रं कुठे बघायला मिळतील, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर त्या पैशांचे ब्रश घ्या.

सुरुवातीला तिचं खातं ओळखीच्या वीस-पंचवीस जणांपुरतं ठेवा. लाइकचे आकडे दिसणं सेटिंगमधून बंद करता येतं, ते करून टाका. आणि तिच्या प्रत्येक चित्राखाली घरच्यांनी बदाम टाकू नयेत, ही आमची आपली आगाऊ सूचना. मुलांना ते आवडत नाही.

प्रश्न : मी पेन्सिलने पोर्ट्रेट काढतो. नातेवाईक वाढदिवस आला की “आमचं पण काढ ना रे” म्हणतात, फुकट. आता शेजारच्या काकूंनी स्वतःहून किती घेशील असं विचारलंय. किती सांगू?
(इयत्ता ११वी, जळगाव)

उत्तर : हिशेब मांड. ए४ पोर्ट्रेटला समज तुला आठ तास लागतात. तासाला ७५ रुपये धरले तर ६००. कागद, पेन्सिली, खोडरबर यांची झीज ८०. पुठ्ठा, बटर पेपर, पिशवी ६०. बेरीज ७४०, काकूंना ७५० सांग. तासाचा दर तुझा तू ठरव, पण दर तासावर असू दे, चेहऱ्यांच्या संख्येवर आणि ओळखीवर नको. दोन चेहरे म्हणजे दुप्पट पैसे असं बरेच जण सांगतात. प्रत्यक्षात कागद, ग्रिड आणि पार्श्वभूमी एकदाच होते, वेळ दीड-पावणेदोन पट लागतो.

काम घेण्याआधी फोटो तपास. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून पोर्ट्रेट होत नाही. चेहऱ्याचा भाग निदान हजार पिक्सेल रुंद असावा, म्हणजे मोठा केल्यावर पापण्या आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका दिसेल. हात लांब करून घेतलेली सेल्फी नको, जवळून काढल्यामुळे त्यात नाक मोठं आणि कान लहान येतात. तू जसंच्या तसं काढशील आणि घरचे म्हणतील, “हे आमच्या आईसारखं दिसत नाही.” दोष तुझा नसेल, पण परत काढावं लागेल. खिडकीशेजारी बसवून, पाच-सहा फुटांवरून, एका गालावर सावली येईल असा फोटो नव्याने मागून घे.

पैशाची बोलणी मेसेजवर लिहून ठेव : आकार, किंमत, तारीख, निम्मे पैसे आधी, कच्चं रेखाटन दाखवल्यावर एक बदल मोफत, छायांकन सुरू झाल्यावर बदल नाही. तू अठरा वर्षांखालचा आहेस. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे सज्ञान नसलेल्याशी झालेला करार सहसा कोर्टात टिकत नाही, त्यामुळे राहिलेले पैसे बुडवले तर फार काही करता येत नाही. आगाऊ रक्कम घ्यायचं खरं कारण ते आहे. पैसे आई-बाबांच्या खात्यावर येऊ देत.

नातेवाइकांना नाही म्हणणं अवघड, हे मान्य. “मावशी, आत्ता हातात दोन कामं आहेत, दिवाळीनंतर काढतो” असं म्हटलं की ज्यांना खरंच हवं असतं तेच दिवाळीनंतर आठवण करतात.

प्रश्न : मी बीबी का मकबराचं चित्र काढून ऑनलाइन टाकलं होतं. तिथल्या एका पानाने (पेजने) कोपऱ्यातली माझी सही कापून ते स्वतःचं म्हणून टाकलं. मी कॉपीराइट नोंदवलेला नाही. काही करता येईल का?
(इयत्ता १२वी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येईल. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्र काढून झालं त्या क्षणी हक्क तुझा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. चित्र आपलं आहे हे सांगण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये वेगळा दिला आहे, त्यामुळे सही कापणं ही किरकोळ बाब नाही.

आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घे, त्यात पानाचं नाव आणि तारीख दिसू दे, पोस्टची लिंक उतरवून ठेव. मग पानाला दोन ओळींचा मेसेज : हे चित्र माझं आहे, काढून टाका किंवा नावासह टाका. शिवीगाळ नको, मित्रांना कमेंटमध्ये धाडणं नको, कारण मग पोस्ट काढून टाकून तुझीच तक्रार केली जाते. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या माध्यमावरचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भर. पालकांनी तुझ्या वतीने भरला तर बरं. नुसतं ‘रिपोर्ट’चं बटण दाबून उपयोग होत नाही, कॉपीराइटचा फॉर्म वेगळा असतो. त्यात मूळ चित्राचा तुझ्या हातातला फोटो, कच्च्या रेखाटनाचा फोटो आणि आधीच्या पोस्टची लिंक जोड. कामाच्या मधल्या टप्प्यांचे दोन-तीन फोटो काढायची सवय ठेव. “हे एआयने केलंय” असा आरोप झाला तरी तेच फोटो कामाला येतात.

पुढच्या वेळी सही कोपऱ्यात करू नकोस. मकबऱ्याच्या चौथऱ्याच्या कडेला किंवा एखाद्या मिनाराच्या सावलीत, म्हणजे कापायला गेलं तर चित्रच कापावं लागेल. आणि टाकताना मोठी फाइल टाकू नकोस, १०८० पिक्सेल रुंदी पुरे. त्यावरून कोणी चांगलं पोस्टर छापू शकत नाही.

तुलाही एक विचारतो : मकबरा तू समोर बसून काढलास की कोणाच्या फोटोवरून? इमारत काढायला कोणाची परवानगी नको. पण दुसऱ्याने खपून टिपलेल्या फोटोचा कोन, ढग, सावल्या जशाच्या तशा उतरवल्या असतील तर त्या छायाचित्रकाराचंही तुझ्याबद्दल हेच म्हणणं असू शकतं.

प्रश्न : मी फोनवर आयबिस पेंटमध्ये चित्रं काढते. शाळेच्या प्रदर्शनासाठी ए३ प्रिंट काढली तर धुरकट आली आणि पोपटी रंग शेवाळी झाला. दुकानदार म्हणतो मशीन ठीक आहे.
(इयत्ता ९वी, नागपूर)

उत्तर : दुकानदार बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. अ‍ॅपमध्ये नवीन कॅनव्हास उघडताना तू बहुधा स्क्रीनला साजेसा आकार घेतलास, समज १००० × १४०० पिक्सेल. ए३ कागद ११.७ × १६.५ इंचांचा. त्यावर तेवढे पिक्सेल पसरले की इंचाला जेमतेम ८५ येतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० हवेत, भिंतीवर लावून चार फुटांवरून बघायच्या प्रिंटला १५० सुद्धा चालतात. काढून झाल्यावर कॅनव्हास मोठा केला तर पिक्सेल ताणले जातात, तपशील नव्याने येत नाही. म्हणून आकार आधी ठरव : ए४ ला २४८० × ३५०८, ए३ ला ३५०८ × ४९६१.

मोठ्या कॅनव्हासवर फोन कमी लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) देतो आणि मधेच बंद पडतो, ही त्याची दुसरी बाजू. रेखाटन, रेषा, सपाट रंग, सावली असे चार-पाच लेअर पुरतात. रेषा पक्क्या झाल्या की रेखाटनाचा लेअर पुसून टाक. सावलीचा लेअर खालचा रंग गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’वर ठेवून सपाट रंगाला क्लिप केलास की रंग बाहेर सांडत नाही. तासाभराने फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेव. छपाईला पीएनजी दे, जेपीजी नको.

पोपटी रंगाचं कारण वेगळं. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने. चमकदार पोपटी, विजेचा निळा, फ्लुरोसंट गुलाबी हे नेहमीच्या चार शायांत बसतच नाहीत, मशीन त्यांच्या जवळचा मंद रंग छापतं. पूर्ण प्रिंटआधी चित्रातला सर्वांत भडक भाग कापून पोस्टकार्डाएवढा छापून घे. मंद आला तर तो रंग आणखी भडक करून काही होत नाही. शेजारचे रंग गडद कर, पोपटी आपोआप उठेल.

रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस दाब ओळखत नाही, म्हणून सगळ्या रेषा एकसारख्या जाड येतात. ब्रशच्या सेटिंगमध्ये रेषेची सुरुवात आणि शेवट निमुळता करायची सोय आहे, ती चालू कर आणि हाताची थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर मध्यावर ठेव.

प्रश्न : इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करतोय. स्मरणचित्रात माणसं काढली की कोणी हवेत तरंगतं, कोणी बुटकं दिसतं. बाकी पेपर बरे जातात.
(इयत्ता ८वी, अकलूज)

उत्तर : तरंगण्याचं कारण एकच असतं : क्षितिजरेषा ठरवलेली नसते. कागदावर हलक्या हाताने आधी ती आख. तू उभा राहून बघतोयस असं धरलं तर सपाट जमिनीवर उभ्या प्रत्येक मोठ्या माणसाचे डोळे त्याच रेषेच्या आसपास येतात, तो जवळचा असो की लांबचा. बदलतात ते पाय. जवळच्याचे कागदाच्या तळाशी, लांबच्याचे वर सरकत जाणारे. म्हणजे आधी सगळी डोकी रेषेवर टांगायची आणि मग पाय सोडायचे. लहान मूल आणि खाली बसलेली भाजीवाली रेषेच्या खाली. एवढं पाळलं की बाजार, जत्रा, एसटी स्टँड, कोणताही विषय आला तरी माणसं जमिनीवर राहतात.

उंची डोक्याच्या मापाने मोज. मोठं माणूस सात-साडेसात डोकी, पाच-सहा वर्षांचं मूल साधारण साडेपाच. चित्रातली माणसं बुटकी होतात कारण डोकं मोठं काढलं जातं आणि पायांना कागद उरत नाही.

सरावाला एसटी स्टँडवर अर्धा तास बस. एका माणसाला तीस सेकंद. चेहरा काढायचाच नाही, फक्त पाठीची रेषा, खांदे, कमरेचा कल आणि वजन कोणत्या पायावर आहे ते. बॅग उचललेल्या माणसाचा बॅगेकडचा खांदा खाली आणि धड दुसऱ्या बाजूला झुकलेलं असतं. हे एकदा हाताला समजलं की आठवून काढता येतं. परीक्षेत पहिला पाव वेळ फक्त रचनेला दे, रंगाला हात लावू नकोस.

प्रश्न : मी मातीच्या कुंड्यांवर वारली काढून सोसायटीच्या प्रदर्शनात विकते. एकीने विचारलं, “तू वारली आहेस का?” मला वाईट वाटलं. काढू नये का?
(इयत्ता १०वी, ठाणे)

उत्तर : काढ, पण कुंडीवर काय काढतेस ते माहीत असू दे. लग्नघरात सवाशिणींनी काढायचा चौक आणि त्यातली पालघट देवी ही पूजेची गोष्ट आहे, ती मनीप्लांटच्या कुंडीवर नको. तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, शेतीची कामं, झाडं, पक्षी घे. ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे ठेवणारे डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं बघ, त्यात माणसं किती बारीक आणि किती हलती आहेत ते दिसेल. वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी आहे, तेव्हा पाटीवर ‘अस्सल वारली पेंटिंग’ लिहू नकोस. ‘वारली शैलीवरून’ लिही. त्या बाईंनी पुन्हा विचारलं तर हेच सांग.

कामातल्या चुकांबद्दल थोडं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जुळतात, ती कंबर. ती जाड झाली की माणूस वाकत नाही, सगळा नाच तिथेच थांबतो. चेहऱ्यावर डोळे आणि हसू काढायची हौस टाळ. तारप्याच्या नाचात वादक मधे आणि बाकीचे एकमेकांना धरून गोगलगाईच्या वळणाने फिरतात; आतली माणसं लहान काढत गेलीस तर वळण दिसतं. कुंडी सच्छिद्र असते, आतून पाणी झिरपून रंगाचे पोपडे निघतात. म्हणून आतून वॉटरप्रूफिंगचा आणि बाहेरून गेरूच्या रंगाच्या अ‍ॅक्रिलिकचा हात दे, वाळल्यावर पांढरा अ‍ॅक्रिलिक शाईइतका पातळ करून शून्य नंबरच्या लांब केसांच्या ब्रशने काढ. कुंडीच्या घेराला दोरा गुंडाळून त्याचे आठ भाग कर, खुणा कर आणि मगच नाच सुरू कर. नाहीतर शेवटच्या दोन माणसांना जागा उरत नाही.

प्रश्न : सॉफ्ट पेस्टलचं चित्र पुण्याच्या मैत्रिणीला कुरिअरने पाठवायचं आहे. भुकटी उडते. हेअर स्प्रे मारू का?
(इयत्ता ११वी, कोल्हापूर)

उत्तर : हेअर स्प्रे नको, कालांतराने कागद पिवळा पडतो. चित्रांसाठीचा फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणारा स्प्रे, मिळतो. चित्र उभं करून आधी मागून टिचक्या मार, म्हणजे सुटी भुकटी पडून जाईल. मग फूटभर अंतरावरून, गच्चीत किंवा गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून हलका हात फिरव, दहा मिनिटांनी दुसरा. एकदम जास्त मारलास तर रंग गडद होतात आणि पांढरा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून शेवटचे पांढरे ठिपके फिक्सेटिव्हनंतर दे. ऑइल पेस्टलवर मात्र याचा फारसा उपयोग नाही, ते कधीच पूर्ण वाळत नाही.

गुंडाळी करू नकोस. चित्रावर बटर पेपर ठेवून तो मागे दुमडून चिकटव, समोरून टेप नको. दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा एकेक इंच मोठे कोरुगेटेड पुठ्ठे लाव, एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेव म्हणजे पाकीट कुठूनच वाकत नाही. वरून प्लॅस्टिक. मैत्रिणीला आधीच कळव की बटर पेपर घासत ओढायचा नाही, वर उचलायचा.